तीस अँटेना, आठ स्विच आणि ‘एकच उपकरण’ ही समजूत

खोडदला जीएमआरटी बघायला जाणाऱ्याला एक प्रश्न हमखास पडतो. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास वेधशाळा सगळ्यांसाठी खुली असते, तेव्हा शाळेतली मुलं तर तो बिनधास्त विचारतात: एवढ्या सगळ्या तबकड्यांमधली खरी दुर्बीण कोणती? उत्तर असं की, यातली एकही नाही. तीसच्या तीस मिळून एक दुर्बीण आहे.

उत्तर बरोबर आहे. पण ‘मिळून एक’ हे शब्द फार गुळगुळीत आहेत. ऐकणाऱ्याला समजल्यासारखं वाटतं आणि पुढचा प्रश्न विचारायचा राहून जातो. एक म्हणजे नेमकं कशात एक?

आज हा प्रश्न मला एका रुक्ष वस्तूला विचारायचा आहे: इथरनेट स्विचच्या स्टॅकला. माहितीपत्रकांत, प्रशिक्षणवर्गांत आणि खरेदीच्या प्रस्तावांत त्याच्याबद्दल एक वाक्य ठरलेलं असतं: ‘सगळे स्विच मिळून एकच उपकरण समजा.’ हा लेख म्हणजे त्या वाक्याची समीक्षा आहे. खोडदच्या अँटेना त्यात मापदंड म्हणून येतील, कारण अनेक यंत्रांचं एक यंत्र कसं करावं याचं इतकं उघडं उदाहरण आपल्या जवळपास दुसरं नाही.

स्टॅक लोकांना का आवडतो

कॉलेजात, बँकेत किंवा तालुक्याच्या हॉस्पिटलात एखाद्या कोपऱ्यात लोखंडी रॅक असतो. त्यात एकावर एक चपट्या पेट्या आणि त्यांतून निघालेला वायरींचा गुंता. त्या पेट्या म्हणजे स्विच. एका स्विचला साधारण २४ किंवा ४८ पोर्ट असतात. इमारतीत २०० संगणक असले की ४८ पोर्टचे पाच स्विच लागतात.

हे पाच सुटे ठेवले तर पाच आयपी ॲड्रेस, पाच पासवर्ड, पाच कॉन्फिगरेशन. लेखा विभागाचं जाळं बाकीच्यांपासून वेगळं करायचं ठरलं, तर तेच काम पाच ठिकाणी. चौथ्या ठिकाणी एक आकडा चुकला की पुढचे दोन दिवस तो शोधण्यात जातात.

स्टॅकमध्ये या पेट्या खास केबलनं जोडतात. पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि शेवटची पुन्हा पहिलीला, म्हणजे कडी पूर्ण. मग स्विच आपसांत एक प्रमुख निवडतात. आपण ठरवून दिलेला अग्रक्रम आधी बघितला जातो; तो सारखा असला तर पुढचे निकष लागतात, अगदी शेवटी मॅक ॲड्रेससुद्धा. प्रमुख पडला तर जागा घ्यायला एक राखीव असतो. बाकीचे सदस्य. बाहेरून बघणाऱ्याला आयपी ॲड्रेस एक, कॉन्फिगरेशन एक. तिसऱ्या पेटीतलं बारावं पोर्ट हे त्याच मोठ्या पेटीतलं एक पोर्ट म्हणून दिसतं.

सिस्कोच्या ३७५० मालिकेत असे ९ स्विच जोडता येत, ९३०० मालिकेत ८ जोडता येतात. जुनिपरच्या ईएक्स ४२०० मध्ये हीच गोष्ट ‘व्हर्च्युअल चॅसिस’ नावानं १० पेट्यांपर्यंत जाते. नावं निराळी, कल्पना तीच.

तिचे फायदे खरे आहेत, ते आधी मान्य करायला हवेत. सर्व्हरच्या दोन वायरी दोन वेगवेगळ्या पेट्यांत लावून त्यांची एकच जोडणी करता येते. एक पेटी बंद पडली तरी सर्व्हर चालू राहतो. जिथे अख्ख्या संस्थेचं नेटवर्क एकच माणूस सांभाळतो, आणि बहुतेक ठिकाणी तसंच असतं, तिथे पाचाचं एक होणं ही सोय म्हणजे त्या माणसाची संध्याकाळ वाचणं आहे. विखुरलेल्या पेट्यांची मोट बांधली गेली. तक्रार मोट बांधण्याबद्दल नाहीच. मोटेत नेमकं काय बांधलं गेलं, हे त्या वाक्यात सांगितलेलं नाही, ही तक्रार आहे.

मेंदू एक, हात अनेक

स्विच दोन प्रकारची कामं करतो. एक, आलेलं पॅकेट योग्य पोर्टातून बाहेर ढकलणं. दुसरं, योग्य पोर्ट कोणतं हे ठरवणं. पहिलं हाताचं काम, दुसरं मेंदूचं. स्टॅकमध्ये हात प्रत्येक पेटीत राहतात, पण मेंदू प्रमुखाचा चालतो.

आता बिघाडाचे प्रकार वेगळे करून बघा. पॉवर सप्लाय जळला, पंखा अडकला, पेटी मेली: हा एका पेटीचा बिघाड. इथे स्टॅक उत्तम काम करतो. पण चुकीची आज्ञा दिली गेली, किंवा प्रमुखाच्या सॉफ्टवेअरमध्येच दोष असला, तर काय होतं? आज्ञा सगळ्या पेट्यांना लागू होते, कारण ते ‘एकच उपकरण’ आहे. राखीव मेंदूत तेच सॉफ्टवेअर आणि तीच कॉन्फिगरेशन असते. त्यामुळे ज्या कारणानं पहिला कोसळला, त्याच कारणानं दुसराही कोसळू शकतो. सुट्या पाच स्विचमध्ये चूक पाच वेळा हातानं करावी लागली असती. तिसऱ्या वेळेला तरी ती लक्षात आली असती.

फर्मवेअर बदलण्याचंही तसंच. स्टॅकमधल्या सगळ्या पेट्यांवर एकाच आवृत्तीचं सॉफ्टवेअर असावं लागतं. खंड न पडता ते बदलण्याच्या सोयी काही मॉडेलमध्ये आहेत, पण बऱ्याच ठिकाणी साधा मार्ग हाच की सगळा स्टॅक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सुटे स्विच असते तर एका मजल्यावर आज करून बघितलं असतं आणि ठीक वाटल्यावर उरलेले उद्या.

म्हणजे व्यवस्थापन एक झालं, त्याबरोबर नशीबही एक झालं. माहितीपत्रक पहिल्याबद्दल बोलतं आणि दुसऱ्याबद्दल गप्प बसतं.

कडी तुटते तेव्हा

कडी एका जागी तुटली तर विशेष बिघडत नाही. माहिती उलट्या बाजूनं फिरून पोचते. पेट्यांमधली वाट अरुंद होते इतकंच. दोन जागी तुटली की स्टॅकचे दोन तुकडे होतात. ज्या तुकड्यात प्रमुख आहे तो चालू राहतो. दुसऱ्या तुकड्याला वाटतं की प्रमुख गेला, म्हणून तिथे नवा प्रमुख उभा राहतो. दोघांकडे कॉन्फिगरेशन तीच, आयपी ॲड्रेस तोच. एकाच गावात एकाच नावाचे दोन सरपंच, आणि दोघांकडे शिक्का. यालाच नेटवर्कवाले ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात.

यावर उपाय आहेत. फूट ओळखण्याच्या यंत्रणा असतात, आणि त्या एका तुकड्याला माघार घ्यायला लावतात. पण जुनिपरची स्वतःचीच एक शिफारस बघण्यासारखी आहे: व्हर्च्युअल चॅसिसमध्ये दोनच पेट्या असतील, तर ही फूट ओळखण्याची सोय बंद ठेवा. कारण सरळ आहे. दोघांतला एक दिसेनासा झाला, तर उरलेल्याला कळायला मार्ग नाही की जोडीदार मेला आहे की फक्त मधली केबल निघाली आहे. बहुमत ठरवायला तिसरा लागतो. आपल्याकडच्या छोट्या संस्थांत ‘दोन घेतले म्हणजे निर्धास्त’ म्हणून दोन स्विचचेच स्टॅक उभे राहतात, तिथे ही गोष्ट कुणी समजावून सांगत नाही.

सगळ्यात साधा बिघाड तर याहून गुपचूप होतो. नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर दर मिनिटाला स्टॅकच्या आयपीला हाक मारतं. ओ आली की पडद्यावर हिरवा दिवा. तिसरी पेटी मेली तरी ओ येते, कारण ओ देणारा प्रमुख जिवंत आहे. तिसऱ्या मजल्यावरचे ४८ लोक बंद, आणि नियंत्रण कक्षात सगळं हिरवं. किती सदस्य हजर आहेत आणि कडी पूर्ण आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. विचारता येतं. पण ‘एकच उपकरण’ असं डोक्यात बसलेला माणूस ते विचारेल कशाला?

खोडदची मोट वेगळी कशी

आता जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या १४ खोडदजवळ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन बाहूंवर. दोन टोकांच्या अँटेनांमधलं सर्वांत लांब अंतर सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारातून टीआयएफआरच्या एनसीआरए या केंद्रानं ती उभी केली.

तिच्याबद्दलही एक गुळगुळीत वाक्य आहे: ‘ही २५ किलोमीटर व्यासाची एकच दुर्बीण समजा.’ इथेही विचारू, कशात एक? बारकावे वेगळे दिसण्यात, हो. २१ सेंटिमीटरच्या तरंगलांबीला ती सुमारे दोन कोनीय सेकंदांचा तपशील वेगळा काढते. म्हणजे एक किलोमीटरवरच्या दोन खुणा एकमेकींपासून एक सेंटिमीटरवर असतील तर त्या दोन दिसतील. पण रेडिओ लहरी गोळा करण्यात ती २५ किलोमीटरची नाही. तीस तबकड्यांचं भौमितिक क्षेत्रफळ सुमारे ४७,७०० चौरस मीटर. २५ किलोमीटर व्यासाच्या खऱ्या तबकडीचं ते सुमारे ४९ कोटी चौरस मीटर भरलं असतं. म्हणजे जवळपास दहा हजारांत एक हिस्सा. नजर मोठ्या दुर्बिणीची, ओंजळ तीस लहान तबकड्यांची.

आणि ती एका जागी तर अजिबातच नाही. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा नारायणगाव परिसरातून जाणारा मार्ग जीएमआरटीच्या कारणानं वादात सापडला, तेव्हा ‘दुर्बीण खोडदला, मग इतर गावांचा काय संबंध’ असा सूर निघणं साहजिक होतं. नकाशावर एक ठिपका दिसला की माणूस एक ठिपकाच समजतो. प्रत्यक्षात हे यंत्र अनेक गावांच्या शिवारांत पसरलेलं आहे आणि त्यातल्या प्रत्येक तबकडीला आसपासचा विद्युत-गोंगाट ऐकू येतो. रेल्वेच्या प्रश्नात कोणाची बाजू बरोबर, हा इथला मुद्दा नाही. ‘एक’ हा शब्द जागेबद्दलही फसवतो, एवढंच दाखवायचं आहे.

मग जीएमआरटी एक होते कुठे? प्रत्येक अँटेनेनं टिपलेला संकेत ऑप्टिकल फायबरवरून मध्यवर्ती इमारतीत येतो. आधुनिकीकरणानंतर एका वेळी ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा घेता येतो. तेवढ्यासाठी दर सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक अँटेनेचे दोन ध्रुवीकरणांचे दोन संकेत, म्हणजे एकूण ६०. गुणाकार केला तर सेकंदाला ४,८०० कोटी नमुने. एफपीजीए बोर्ड ते नमुने तयार करून १० गिगाबिट इथरनेटनं जीपीयू लावलेल्या संगणकांकडे धाडतात. तिथे प्रत्येक अँटेनेची दुसऱ्या प्रत्येक अँटेनेशी जोडी लावून गुणाकार होतो. याला कोरिलेटर म्हणतात.

३० अँटेनांच्या जोड्या होतात ४३५. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी: या जोड्या वेगवेगळ्याच साठवल्या जातात. प्रत्येक आकड्यावर कोणत्या दोन अँटेनांचा तो आहे, हे नाव लिहिलेलं असतं. एक अँटेना बिघडली तर तिच्या २९ जोड्या खराब दिसतात आणि बाकीच्या ४०६ चांगल्या. खराब २९ मध्ये सामाईक नाव एकच, म्हणजे चोर सापडला. तिला बाजूला काढा, चित्र थोडं फिकं होईल, पण होईल.

याहून पुढची करामत आहे. वातावरणामुळे आणि यंत्रांमुळे प्रत्येक अँटेनेच्या संकेतात चूक शिरते. पण ती बहुतांशी त्या-त्या अँटेनेची चूक असते, जोडीची नव्हे. म्हणजे एका ध्रुवीकरणापुरतं बोलायचं तर अज्ञात गोष्टी ३० आणि मोजमापं ४३५. ३सी२८६ सारख्या माहीत असलेल्या स्रोताकडे बघून प्रत्येक अँटेनेची चूक काढता येते आणि दुरुस्त करता येते. हे शक्य होतं, कारण एक होताना कुणाचं नाव पुसलं नाही. नावं आधीच पुसली असती, तर हातात एक धूसर चित्र उरलं असतं आणि ते धूसर का, हे कधीच कळलं नसतं.

खोडदमध्येही एक स्टॅक आहे

इथवर वाचून ‘जीएमआरटी शहाणी, स्टॅक मूर्ख’ असं वाटलं असेल तर थांबा. खोडदलाच दुसऱ्या प्रकारचं ‘एक’ही वापरतात. पल्सारसारख्या स्रोताचं निरीक्षण करताना बऱ्याचदा अँटेनांचे संकेत एका तालात आणून सरळ बेरीज करतात. याला फेज्ड अरे म्हणतात. बेरीज झाली की नावं गेली. नारायणगावच्या तमाशाच्या फडात झील धरणाऱ्यांचा आवाज एकजीव होतो तसंच. एकाचा सूर ढळला तर झील बेसूर लागते, पण कोणाचा ढळला हे मागे बसलेल्याला सांगता येत नाही.

मग हे करतात कशाला? कारण पल्सारच्या ठोक्यांची वेळ अतिशय बारीक मोजायची असते आणि ४३५ जोड्या इतक्या वेगानं साठवणं फार जड जातं. इंडियन पल्सार टायमिंग अरे या गटाची मोजमापं अशीच होतात. जून २०२३ मध्ये या गटानं युरोपीय सहकाऱ्यांबरोबर अतिमंद गुरुत्वीय लहरींच्या पार्श्वभूमीचे पुरावे जाहीर केले, त्यामागे खोडदची ही बेरीज होती. म्हणजे नावं पुसणं हे पाप नाही. योग्य कामासाठी केलेला तो व्यवहार आहे.

फरक आहे तो व्यवहार डोळसपणे करण्यात. बेरीज करणाऱ्यांना माहीत असतं की आयनांबरातल्या बदलांमुळे अँटेनांचा ताल हळूहळू ढळतो, आणि लांबच्या बाहूंवरच्या आधी ढळतात. म्हणून अधूनमधून माहीत असलेल्या स्रोताकडे वळून ताल पुन्हा लावतात. लांबच्या अँटेना बेरजेत घ्यायच्या की नाहीत, हे आधी ठरवतात. गरज पडली तर तीस अँटेनांचे गट पाडून एकाच वेळी दोन वेगळ्या वारंवारता-पट्ट्यांत बघतात. इथे फूट हे कामाचं साधन आहे, ती ठरवून पाडली जाते. स्टॅकमध्ये तीच फूट अपघातानं पडते आणि दोन सरपंच करून जाते.

न्यायानं बोलायचं तर खोडदलाही सामाईक गोष्टी आहेतच. सगळ्यांना एकच वेळ देणारं घड्याळ, एक कोरिलेटर. ते थांबले तर तीसही अँटेना निरुपयोगी. काहीतरी एक असल्याशिवाय अनेकांचं एक होत नाही. प्रश्न एवढाच की, ते एक कुठे आहे हे सांभाळणाऱ्याला ठाऊक आहे का.

मग स्टॅक घ्यावा की नाही?

माझं मत असं: एका मजल्यावर, एका रॅकमध्ये, लोकांचे संगणक जोडणाऱ्या स्विचांचा स्टॅक जरूर करावा. तिथे सोय मोठी आहे आणि पडझड झालीच तर ती त्या मजल्यापुरती राहते. पण अख्ख्या संस्थेचा भार जिथे एकवटतो तिथे, हॉस्पिटलच्या किंवा बँकेच्या गाभ्यात, एका मेंदूचा स्टॅक हा ‘पर्यायी व्यवस्था’ म्हणून विकला जात असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. तिथे दोन स्वतंत्र मेंदूंचे स्विच ठेवून फक्त जोडण्यांपुरतं त्यांना एक भासवण्याची पद्धत आहे. तिला एमलॅग म्हणतात. तिचीही डोकेदुखी आहे: दोन कॉन्फिगरेशन जुळती ठेवावी लागतात, दोघांमधला दुवा जपावा लागतो. पण एकाचं फर्मवेअर बदलताना दुसरा चालू राहतो. आणि एका जागेवरून सगळं सांभाळणं एवढीच गरज असेल, तर आज्ञा सगळ्या स्विचांना पाठवणारं सॉफ्टवेअर बाहेर ठेवता येतं. व्यवस्थापन एक, नशीब मात्र ज्याचं त्याचं.

आणि स्टॅक आधीच असेल, तर तो सांभाळणाऱ्याला चार प्रश्न विचारा. आज प्रमुख कोण आहे, आणि तो तुम्ही ठरवला की आपोआप ठरला? कडी पूर्ण आहे का, हे शेवटचं कधी बघितलं? एक सदस्य मेला तर तुमच्या पडद्यावर काय दिसेल? स्टॅक मधोमध तुटला तर कोणता अर्धा गप्प बसेल? चारही उत्तरं तयार असतील तर त्या माणसाला स्टॅक खरंच कळला आहे, आणि त्याच्यासाठी ते वाक्य निरुपद्रवी आहे.

उत्तरं नसतील, तर दोष त्या माणसाचा धरू नका. त्याला ‘एकच उपकरण समजा’ असं शिकवलं गेलं आणि त्यानं ते ऐकलं. ते वाक्य शिकवायचंच असेल, तर ते निदान पूर्ण तरी करावं: आज्ञा देताना एक समजा, लक्ष ठेवताना पाच मोजा.